घाण्याच्या पाटीवर 'विष' लिहू नका



उसाचा हप्ता, दुधाचा दर, विजेची पाळी हे आमच्या बैठकांतले नेहमीचे विषय. अलीकडे त्यांच्या जोडीला एक नवा विषय येऊ लागला आहे आणि तो बहुधा मायबहिणी काढतात. 'रिफाइंड तेल खावे की खाऊ नये?' मोबाईलवर रोज कोणीतरी डॉक्टर, कोणीतरी वैद्य, कोणी नुसताच बोलका माणूस सांगतो, की कारखान्यातले बियांचे तेल म्हणजे विष. त्यानेच हार्टअटॅक, त्यानेच मधुमेह, त्यानेच सांधेदुखी. घरात पाच किलोचा कॅन आणलेला असतो. टाकून द्यावा तर पैसे गेलेले, वापरावा तर मनात पाल चुकचुकते.

हा विषय आमच्या अंगाशी आला तो वेगळ्याच कारणाने. वाई तालुक्यातल्या आमच्या काही कार्यकर्त्यांनी मिळून लाकडी घाणा टाकायचे ठरवले आहे. जागा झाली, भांडवलाची जुळवाजुळव झाली, आणि सगळे अडले ते दुकानाच्या पाटीवर. एका बाजूचे म्हणणे असे, की मोठ्या अक्षरांत 'रिफाइंड तेल म्हणजे विष' असे रंगवा; पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी पुण्या-मुंबईची गाडी आपोआप थांबेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जे आपल्याला पुरते ठाऊक नाही ते पाटीवर लिहू नये. वाद इतका पेटला, की जिल्हा बैठकीत निर्णय घ्यावा असे ठरले. त्या बैठकीपुढे आमचे मत ठेवण्यासाठी हा लेख.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. 'विष' ही पाटी लावू नये. खोटे बोलणे वाईट, हे एक कारण झालेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे त्या पाटीने शेतकऱ्याचे नुकसान आहे. ते कसे, हे नीट पाहू.

घरचे तेल घरातून कसे गेले

वाईच्या परिसरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. खरिपात माळावर भुईमूग, रब्बीत ज्वारीच्या रानात करडईचे पाटे, पश्चिमेच्या डोंगरात कारळे, कुठे तीळ, कुठे जवस. शेंगा फोडून दाणे तेल्याच्या घाण्यावर जायचे. तेल बुधल्यातून घरी यायचे आणि पेंड म्हशीच्या घमेल्यात जायची. तेल बेताने वापरायचे, कारण ते बेताचेच असायचे. तळण सणावाराला. एरवी फोडणीपुरते तेल आणि भाकरीवर चटणीत थोडे कच्चे.

मग धोमचे धरण झाले, कालव्याला पाणी आले, भुईंजला साखर कारखाना होताच. रानात ऊस आला. कोणी कोणावर बंदूक रोखली नव्हती. भुईमुगाची खुरपणी, काढणी, शेंगा तोडणी म्हणजे बायामाणसांची पाठ मोडणारे काम. मजुरीचा हिशेब केला तर हातात काही उरत नाही. राहिले-साहिले रानडुकरे उकरतात. करडईला काटे. त्यात हात घालायला मजूर मिळत नाही. ऊस परवडला, निदान ठरलेला पैसा देतो असे वाटले. म्हणून ऊस आला. पुढे जिरायती रानात सोयाबीन आले. तेलबियांचे पीक गेले तसा घाणा बंद पडला, आणि घाणा बंद पडला तसा तेलाचा कॅन घरात आला. कोणाची बुद्धी भ्रष्ट झाली म्हणून हे घडले नाही. हिशेबाने घडले.

देशाचा हिशेबही असाच आहे. १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मिशन सुरू केले. बियाणे, भाव आणि बाहेरच्या तेलाला थोडा आडोसा, एवढे मिळाल्यावर शेतकऱ्याने काय करून दाखवले? १९९२-९३ च्या सुमारास देशाची तेलाची गरज जवळजवळ सगळी घरच्याच तेलावर भागू लागली. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. नंतर १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, १९९५ मध्ये इतर तेलांची. १९९८ पर्यंत आयातकर १५ टक्क्यांवर आला. २००८ साली कच्च्या तेलावरचा कर शून्य झाला. आज देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. वर्षाला सुमारे दीड कोटी टन. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफुलाचे तेल रशिया-युक्रेनचे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि त्याच वर्षी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा वाईच्या वाण्याकडचा कॅन महाग झाला. आपल्या फोडणीची दोरी कोणाच्या हातात गेली आहे, ते त्या वर्षी सगळ्यांना कळले.

आमच्या मते तेलाचा पहिला आजार हा आहे. पण मायबहिणींचा प्रश्न तब्येतीचा आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

रिफाइंड म्हणजे काय

कारखान्यात बी आधी दाबतात. उरलेल्या पेंडीतले तेल हेक्झेन नावाच्या द्रावणात विरघळवून काढतात आणि मग तापवून हेक्झेन उडवून देतात. सोयाबीनमध्ये तेलच अठरा-वीस टक्के, म्हणून ते असेच काढावे लागते. त्यानंतर तेलातला चिकट भाग काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात आणि शेवटी निर्वातात दोनशे अंशांच्या वर तापवून वाफेने वास घालवतात. हाती येते ते बिनवासाचे, बिनरंगाचे, पुष्कळ दिवस टिकणारे तेल.

यात जाते काय? वास आणि चव जाते, ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. येते काय? फार तापवल्याने काही नको असलेले पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात. २०१६ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा दिला. ते सर्वांत जास्त आढळले पामतेलात. हा दोष खरा आहे आणि तो लपवायचे कारण नाही. पण याच धुलाईत तेलातली बुरशीची विषेही निघून जातात, हेही तितकेच खरे. त्याकडे पुढे येऊ.

'बियांचे तेल' म्हणजे कोणाचे?

मोबाईलवरची ओरड मूळची अमेरिकेतली आहे. तिकडे 'बियांचे तेल' म्हणजे सोयाबीन, मका, सरकी, कनोला. त्यांचा आक्षेप असा, की या तेलांत ओमेगा-६ जातीचे लिनोलेइक आम्ल फार असते, त्याने शरीरात दाह वाढतो आणि त्यातून रोग होतात.

हे वाक्य जसेच्या तसे उचलून वाईच्या घाण्यावर लावले तर काय होते पाहा. शेंगदाणा हे बी आहे. तीळ हे बी आहे. करडई, कारळे, जवस ही सगळी बियाच. आमच्या आजीने बियांच्या तेलाशिवाय दुसरे कोणते तेल वापरले होते? आता लिनोलेइक आम्लाचा हिशेब घ्या. सोयातेलात ते सुमारे निम्मे असते. शेंगतेलात सुमारे ३० टक्के. आणि आमच्या करडईच्या तेलात ७५ टक्क्यांच्या आसपास; मग ते लाकडी घाण्याचे असो की कारखान्याचे. घाण्याने आम्ल बदलत नाही. म्हणजे ओमेगा-६ विष असेल तर सर्वांत मोठा विषाचा बुधला आमच्याच घाण्यावर भरला जाणार आहे!

आणि या व्याख्येतून सुटते कोण? पामतेल. ते बियांचे नाही, फळाच्या गराचे आहे. त्यात लिनोलेइक जेमतेम दहा टक्के आणि संपृक्त चरबी जवळजवळ निम्मी. परदेशातून येणारे सर्वांत मोठे तेल निर्दोष सुटले आणि सोलापूर-मराठवाड्याची करडई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ही कसली शेतकऱ्याची बाजू?

मग शास्त्र काय म्हणते? प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना चरबी बदलून करडईचे तेल आणि करडईच्या तेलाचे मार्गारीन दिले. त्याचे जुने आकडे २०१३ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९६८ ते १९७३ या काळात मक्याच्या तेलाचा मोठा प्रयोग झाला. त्याच्या २०१६ च्या फेरतपासणीत कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले, पण मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. तेल वाईट म्हणणारे हे दोन दाखले देतात आणि ते खोटे नाहीत. पण त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स चरबी असू शकते, हा आक्षेपही आहेच. फिनलंडमधल्या आणि इतर काही प्रयोगांत असेच तेल दिल्यावर हृदयविकार कमी झाला. सगळे प्रयोग एकत्र पाहून अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१७ साली सांगितले, की तूप-लोणी-चरबीच्या जागी अशी तेले वापरली तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. लिनोलेइकने माणसाच्या रक्तात दाह वाढतो, असे माणसांवरच्या प्रयोगांत दिसून आलेले नाही.

तेव्हा एका प्रयोगाने तेल विष ठरत नाही आणि दुसऱ्याने अमृत ठरत नाही. माफक प्रमाणात वापरलेले, ताजे, भेसळ नसलेले कोणतेही तेल, मग ते घाण्याचे असो वा रिफाइंड, विष म्हणण्यासारखे नाही. घरातला कॅन ओतून देऊ नका. पैसे घामाचे आहेत.

मग भ्यायचे कशाला?

भ्यायच्या गोष्टी आहेत. त्या मोबाईलवर कमी दिसतात, कारण त्या सांगून काही विकता येत नाही.

पहिली गोष्ट, तेल किती खातो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात माणशी वर्षाला तीन किलोच्या आसपास तेल लागे. आज ते वीस किलोच्या घरात गेले आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशेब माणशी वर्षाला १२ किलोचा. म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो, त्यात विकतच्या फरसाणातले आणि वड्यातलेही आले. आपल्या घरात महिन्याला किती कॅन येतात ते मोजा. तेलाची जात बदलण्याआधी तेलाचे माप बदलले पाहिजे. घाण्याचे तेल चांगले म्हणून दुप्पट ओतले, तर घाणेवाल्याचे भले होईल, हृदयाचे नाही.

दुसरी गोष्ट, जळके तेल. बावधनच्या बगाडाला जा, मांढरदेवच्या यात्रेला जा, हमरस्त्यावर कुठेही थांबा. भज्यांच्या कढईत सकाळचे तेल संध्याकाळपर्यंत उकळते आणि उरलेल्यात दुसऱ्या दिवशी नवे तेल पडते. तेल काळे होते, फेसाळते, धूर सोडते. अशा तेलात जे तयार होते ते खरेच अपायकारक असते. १ जुलै २०१८ पासून कायदा आहे, की वारंवार तापवून ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडलेले तेल खाण्यासाठी वापरता येणार नाही. कायदा कागदावर, कढई रस्त्यावर. घरातही तळणीचे तेल गाळून पुन्हा पुन्हा तळायला घेऊ नये. पुढच्या एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. करडईचे साधे तेल तर वारंवार तापवण्याला अगदीच नाजूक. ते फोडणीला आणि कच्चे खायला. तळणीला शेंगतेल जास्त सोसते.

तिसरी गोष्ट, वनस्पती तूप. तेल घट्ट करताना ट्रान्स चरबी तयार होते आणि तिच्याबद्दल शास्त्रात दुमत नाही. ती हृदयाची वैरीण. कित्येक दशके गरिबांच्या लग्नाच्या जेवणावळी याच डब्यावर झाल्या, तेव्हा कोणी पाट्या लावल्या नाहीत. अखेर तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. ही चांगली गोष्ट उशिरा का होईना झाली. बेकरीचा माल आणि स्वस्त मिठाई घेताना मात्र अजूनही डोळे उघडे ठेवावेत.

चौथी गोष्ट, भेसळ. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. माणसांचे पाय सुजले, हृदये थकली आणि साठाहून अधिक माणसे मेली. ते तेल रिफाइंड नव्हते, मोहरीचे साधे तेल होते. 'घाण्याचे' या शब्दाने भेसळ थांबत नाही. उलट ज्या तेलाला जास्त भाव, त्यातच भेसळीला जास्त नफा.

पाचवी गोष्ट आमची स्वतःची आहे, म्हणून ती सांगताना जीभ अडखळते. पण सांगितली पाहिजे. काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंगा ओल्या पोत्यात भरल्या, की दाण्यावर बुरशी चढते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृताला घातक आणि कॅन्सरला कारण आहे, हे सिद्ध झालेले आहे. चांगला माल बाजारात आणि काळा-सुरकुतलेला दाणा घाण्याला, ही आपली जुनी सवय. कारखान्याच्या धुलाईत हे विष निघून जाते. लाकडी घाण्याच्या तेलात त्यातले काही राहते. बाकीचे पेंडीतून म्हशीच्या पोटात आणि दुधातून पोराच्या पोटात जाते. तेव्हा 'विष' हा शब्द पाटीवर लिहायचा असेल, तर आधी आपल्या पोत्यात हात घालून पाहावे लागेल.

भीतीचा नफा कोणाला?

आता मूळ मुद्दा. भीती विकून शेतकऱ्याला भाव मिळतो का? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको, करडईकडे पाहा.

१९९० च्या सुमारास शहरातल्या जाहिराती आठवा. नवऱ्याच्या काळजाची काळजी असेल तर करडईचे रिफाइंड तेल घ्या, असा त्यांचा सूर असे. म्हणजे तेव्हाही भीतीच विकली जात होती, फक्त पाटी उलटी होती. तेव्हा घाण्याच्या तेलाची भीती घालून रिफाइंड विकले, आता रिफाइंडची भीती घालून घाण्याचे विकायचे. त्या भीतीने करडईवाल्याचे भले झाले काय? १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात सात लाख हेक्टरांहून जास्त करडई होती, त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे. आज ती लाखभर हेक्टरांच्या आत-बाहेर आली आहे. शहरात ज्या तेलाला 'हृदयाचे तेल' म्हणून चढा भाव, त्याच तेलाचे बी शेतातून नाहीसे झाले! भीतीचा पैसा जाहिरातवाल्याकडे, डबेवाल्याकडे गेला. बांधापर्यंत तो आलाच नाही.

बांधापर्यंत काय आले असते? काम आले असते. आमच्याच जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथे करडईवर वर्षानुवर्षे काम झाले आणि बिनकाट्यांची करडई तयार झाली. 'नारी-६' हे वाण आणि बिनकाट्यांचा संकरही. काट्यांमुळे मजूर मिळत नाही ही अडचण होती, तिच्यावर घरातच औषध निघाले. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने तापवायला जास्त सोसणाऱ्या तेलाची करडई काढली. २०२० साली 'गिरनार-४' आणि 'गिरनार-५' हे भुईमुगाचे वाण आले. त्यांत ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणून तेल लवकर खवट होत नाही. बियाणे आहे, ज्ञान आहे. नाही ते भावाचा भरवसा.

तो भरवसा कोण मोडतो? १४ सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने कच्च्या तेलावरचा एकूण आयातकर ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी आमचे सोयाबीन त्याखालीच विकले गेले. मग ३० मे २०२५ रोजी, ऐन पेरणीच्या तोंडावर, तोच कर १६.५ टक्क्यांवर उतरवला. पेरताना एक धोरण आणि विकताना दुसरे! साठ्यावर मर्यादा २०२१ मध्ये घातली, सोयाबीन आणि सोयातेलाचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले आणि त्या बंदीला वर्षानुवर्षे मुदतवाढ दिली. भाव पडला की बाजार मुक्त, भाव चढला की बाजाराला बेडी. करडईचा हमीभाव २०२६-२७ साठी ६,५४० रुपये जाहीर केला. पण वाईच्या शेतकऱ्याने करडई काढली तर ती त्या भावाने घेणार कोण, हे जाहीर होत नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला. त्यात एक लिटर तेल होते, ते पामतेल. महाराष्ट्राच्या दिवाळीच्या पिशवीत महाराष्ट्राच्या शेंगतेलाला, करडईला जागा नव्हती.

आणि एक गोष्ट विसरू नका. 'रिफाइंड सोयातेल विष' अशी पाटी रंगवणाऱ्याच्या रानात उभे काय आहे? सोयाबीनच. आपण पिकवलेल्या मालाला आपणच विष म्हणायचे, तो कारखान्याला विकायचा आणि भाव पडला की मोर्चा काढायचा, याला धोरण म्हणत नाहीत.

मग पाटीवर काय लिहावे

घाणा जरूर टाकावा. घाण्याच्या तेलाला चव आहे, वास आहे, पेंड आहे, आणि विकत घेणाऱ्याला समोर दिसते की काय भरडले जात आहे. हा त्याचा खरा गुण. तोच पाटीवर लिहावा: कोणत्या गावचा दाणा, कोणत्या महिन्यात काढलेला, कोणत्या दिवशी गाळलेले तेल. बी निवडून घ्यावे, काळा दाणा बाजूला काढावा, ओल्या शेंगेला घाण्यात जागा देऊ नये. अधूनमधून तेलाची तपासणी करून तिचा कागद भिंतीवर लावावा. सुट्या तेलाच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे. तेव्हा अन्नसुरक्षेची नोंदणी घेऊन बंद बाटलीतच विकावे.

गिऱ्हाइकाला एक साधा हिशेबही शिकवावा. घाण्यावर एक किलो शेंगतेल निघायला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाण्याच्या भावाला अडीचने गुणा, त्यात मजुरी घाला आणि पेंडीचे पैसे वजा करा. जे उत्तर येईल त्याच्या पुष्कळ खाली कोणी 'शुद्ध लाकडी घाण्याचे शेंगतेल' देत असेल, तर त्यात दुसरे काही आहे असे समजा. ज्या घराला हा भाव परवडत नाही, त्याला लाजवू नका. त्याला सांगा, आहे ते तेल कमी वापर, जळके वापरू नको, डब्यावरचे नाव वाचून घे. गरिबाच्या कॅनला विष म्हणून त्याची भाकरी कडू करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही या सूचना ठेवतो:

१. आपल्या कोणत्याही घाण्यावर किंवा विक्रीकेंद्रावर दुसऱ्या तेलाला विष म्हणणारी पाटी लावू नये.

२. तेलाचा आयातकर पेरणीआधी जाहीर व्हावा आणि माल विकला जाईपर्यंत तो उतरवू नये. साठ्यावरच्या मर्यादा आणि वायदेबंदी कायमची उठवावी.

३. फरसाण, बेकरी आणि खानावळीत कोणते तेल वापरले ते गिऱ्हाइकाला दिसेल असे लिहिले जावे. जळक्या तेलाचा कायदा यात्रा-जत्रांतही पाळला जावा.

४. सरकारी शिध्यात आणि शाळेच्या पोषण आहारात शक्य तिथे महाराष्ट्रात पिकलेले तेल घ्यावे, आणि ते बाजारभावाने विकत घ्यावे.

५. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बिनकाट्यांच्या करडईचे आणि नव्या भुईमुगाचे बियाणे वेळेवर मिळावे. निदान या रब्बीत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या ज्वारीच्या रानात करडईचे दोन पाटे टाकावेत. बोलण्याआधी पेरलेले बरे.

पाटी रंगवणारा थांबून राहिला आहे. बैठकीला या, भांडा, आमचे चुकत असेल तर दाखवून द्या. पण त्याला ब्रश उचलायला सांगण्याआधी एवढे ठरवू, की आम्हाला तेल विकायचे आहे, भीती नव्हे.